बोलण्याचा धागा कुठे सुटतो? सायकोसिसमधल्या भाषेविषयी वाचकांचे प्रश्न

सायकोसिस झालेल्या माणसाच्या बोलण्यात काय बदलतं, यावर अनेक देशांतले गट मिळून संशोधन करत आहेत, असं मागे एका लेखात ओझरतं लिहिलं होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की आजचा अख्खा मजकूर त्यांनाच दिला आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

आधी दोन गोष्टी. सायकोसिस हे एका आजाराचं नाव नाही, ती एक अवस्था आहे. नसलेले आवाज ऐकू येणं, काही केल्या न हलणारे भ्रम, विचारांची आणि बोलण्याची घडी विस्कटणं हे सगळं तिच्यात येतं. स्किझोफ्रेनियात ती दिसते, तशी बायपोलर आजारात, तीव्र नैराश्यात किंवा नशेच्या पदार्थांमुळेही दिसते. दुसरं म्हणजे मी भाषेची अभ्यासक आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. त्यामुळे औषधांच्या मात्रेबद्दल ज्यांनी विचारलं, त्यांनी ते आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.

प्रश्न : माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. पूर्वी घर डोक्यावर घ्यायचा, आता एका शब्दात उत्तर देतो. कधी बोलायला लागलाच तर एकातून दुसरं निघत जातं आणि तो काय सांगत होता तेच कळेनासं होतं. डॉक्टरांनी केसपेपरवर त्याच्या बोलण्याविषयी बरंच लिहिलं. ते नेमकं काय बघतात?

उत्तर : तुम्ही एका पत्रात दोन वेगळ्या गोष्टी टिपल्या आहेत आणि त्या वेगळ्या आहेत हे संशोधकांना कळायला बराच काळ गेला. एक म्हणजे बोलणं आटणं, दुसरी म्हणजे बोलणं भरकटणं. दोन्ही एकाच माणसात, वेगवेगळ्या दिवशी किंवा एकाच दिवशीही दिसू शकतात.

‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द १९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने आणला. विचारांना एकमेकांशी जोडणारे दुवे सैल होणं हे त्यांच्या मते या आजाराचं मुख्य लक्षण होतं. पण ‘सैल’ म्हणजे किती सैल? ज्याचा त्याचा अंदाज. १९७९ मध्ये अमेरिकेत नॅन्सी अँड्रिअसन यांनी अशा बोलण्याच्या १८ प्रकारांच्या नेमक्या व्याख्या लिहिल्या. रुळावरून घसरणं, विचारलेल्याला बगल देऊन जाणं, मूळ मुद्दा हरवणं, यमकामागे धावणं, स्वतःचेच शब्द घडवणं, अगदी कमी बोलणं, भरपूर बोलूनही काहीच न सांगणं. तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलं बहुधा याच घराण्यातलं असेल.

एक नमुना देते. हा मी रचलेला आहे, कुणा रुग्णाचा नाही. प्रश्न होता, ‘काल काय केलंस?’ उत्तर : ‘काल खिडकीत बसलो. खिडकीचा पडदा पिवळा आहे. पिवळा रंग परीक्षेच्या कागदाचा. परीक्षेला ते आलेच नाहीत. म्हणून दार उघडं राहिलं.’ शेजारशेजारची वाक्यं बघा. खिडकी, पडदा, पिवळा, परीक्षा : प्रत्येक जोडीत काही ना काही दुवा आहे. पण पहिलं वाक्य आणि पाचवं वाक्य यांचं एकमेकांशी काही नातं उरत नाही. शिवाय ‘ते’ कोण, हे ऐकणाऱ्याला कळायला वावच नाही. ‘तो’, ‘ती’, ‘ते’ म्हणताना समोरच्याला कोण ते माहीत आहे ना, याचा हिशेब आपण नकळत ठेवतो. सायकोसिसमध्ये तो हिशेब बऱ्याचदा चुकतो.

म्हणजे इथे माणूस *काय* बोलतो यापेक्षा *कसं* बोलतो ते बघितलं जातं. ‘शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात’ हे वाक्य व्याकरणाने, अर्थाने अगदी नीटनेटकं आहे. भ्रम असलेला माणूस अतिशय सुसंगत बोलू शकतो. आणि वरच्यासारखं घसरणारं बोलणं मॅनियात, म्हणजे बायपोलर आजारातल्या अतिउत्साहाच्या अवस्थेत, तर सर्रास आढळतं, हे अँड्रिअसन यांच्याच अभ्यासात दिसलं. बोलणं आटण्याची कारणं तर आणखी वेगळी असू शकतात. नैराश्य, न झालेली झोप, नशा, काही औषधं, किंवा घरच्यांशी बोलायची इच्छाच नसणं. त्यामुळे नुसत्या बोलण्यावरून निदान होत नाही, होऊ नये.

तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी डॉक्टरांकडे नाही : तो आधी कसा बोलायचा याची आठवण. सरासरी माणसाशी केलेल्या तुलनेपेक्षा त्याच माणसाच्या मागच्या वर्षीच्या बोलण्याशी केलेली तुलना मला जास्त मोलाची वाटते. बदल साधारण कधी जाणवला, कशा प्रसंगात जास्त दिसतो, फोनवर मित्राशी बोलतानाही तसाच असतो का, हे लिहून डॉक्टरांना द्या. तो मध्येच थांबला तर वाक्य पुरं करून देऊ नका, थोडं थांबा. ‘मला समजलं नाही, ते म्हणजे कोण?’ असं सरळ विचारायला हरकत नाही. परीक्षा घेतल्यासारखं मात्र विचारू नका. जीव देण्याची भाषा आली, किंवा झोप-जेवण पार सुटलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. तरुणांच्या नुसत्या मुलाखतीवरून कोणाला सायकोसिस होणार हे प्रोग्रॅमने १०० टक्के अचूक सांगितलं, असं वाचलं. मग ते अ‍ॅप म्हणून बाजारात का आलं नाही?

उत्तर : तुम्ही वाचलंत ते २०१५ चं काम. खरं आहे आणि चांगलंही आहे. पण आकडे पुढे ठेवून बघा. जोखीम जास्त असलेले ३४ तरुण होते. अडीच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यातल्या ५ जणांना सायकोसिस झाला. वाक्यावाक्यांतली अर्थाची जवळीक, वाक्यांची लांबी आणि ‘दॅट’, ‘विच’ यांसारख्या शब्दांचा वापर, एवढ्यावर प्रोग्रॅमने ते ५ जण बरोबर वेगळे केले. पाचच! पाच माणसं वेगळी काढणारी रेषा कुठेतरी सापडतेच. प्रश्न असतो, ती रेषा पुढच्या गावात टिकते का.

२०१८ मध्ये त्याच संशोधकांपैकी काहींनी इतरांबरोबर दुसऱ्या शहरातल्या ५९ तरुणांवर तसं काम केलं. त्यातल्या १९ जणांना पुढे सायकोसिस झाला होता. अचूकता आली ८३ टक्के, आणि तोच प्रोग्रॅम पहिल्या शहराच्या मुलाखतींवर चालवला तेव्हा ७९. मला १०० पेक्षा हे ७९ जास्त आवडतं. ते बाहेर जाऊन तपासून आलेलं आहे.

आता अ‍ॅपचं गणित करा. समजा १००० तरुणांनी ते वापरलं आणि त्यातल्या १० जणांना खरोखर आजार होणार आहे. अ‍ॅप ९० टक्के अचूक आहे, दोन्ही बाजूंनी. ते १० पैकी ९ जणांना ओळखेल, छान. पण उरलेल्या ९९० पैकी ९९ निरोगी मुलांनाही ‘तुला धोका आहे’ म्हणून सांगेल. इशारा मिळालेल्या १२ जणांत खरा १, बाकी ११ जण विनाकारण घाबरलेले. संशोधनातले तरुण आधीच त्रास होतो म्हणून दवाखान्यात आलेले असतात, आणि त्यांच्यातही तीन वर्षांत सायकोसिस होतो तो साधारण चौथ्या हिश्श्याला. रस्त्यावरच्या गर्दीत हे प्रमाण कितीतरी खाली असतं. अ‍ॅप न येण्याचं कारण तंत्रात कमी आणि या भागाकारात जास्त आहे.

प्रश्न : एका मोठ्या रुग्णालयात शेकडो रुग्ण येतात. मग या संशोधनाला इतके देश, इतके गट कशाला हवेत? मला हे परिषदा भरवायचं निमित्त वाटतं.

उत्तर : परिषदांबद्दलचा तुमचा संशय अगदीच अनाठायी नाही! पण या विषयात एकत्र येणं गरजेचं का झालं ते सांगते.

एका गटाने म्हटलं, सायकोसिसमध्ये लागोपाठच्या शब्दांमधली अर्थाची जवळीक कमी होते. दुसऱ्याने मोजलं तर ती वाढलेली निघाली, जणू बोलणारा शब्दांच्या एका छोट्या कोपऱ्यातच घुटमळतोय. कोण चुकलं? बहुतेक वेळा कोणीच नाही. एकाने स्वप्न सांगायला लावलं होतं, दुसऱ्याने चित्राचं वर्णन करायला. एकाचे रुग्ण औषध सुरू होण्याआधीचे, दुसऱ्याचे वीस वर्षं औषध घेणारे. एकाच्या शब्दांकनात ‘अं’, ‘म्हणजे’, अर्धे सुटलेले शब्द होते, दुसऱ्याच्या टंकलेखकाने ते कचरा समजून झाडून टाकले होते.

हा शेवटचा अपघात माझ्या स्वतःच्या हातून झाला आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका गटासाठी मी मुलाखतींचं शब्दांकन करायचे. शाळेत बाईंनी निबंध तपासावा तसं मी प्रत्येक वाक्य नीट करून लिहिलं, आणि ज्या अडखळण्याचा अभ्यास करायचा होता तेच पुसून टाकलं. काही आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

चित्राचंही तसंच. मेंदूच्या आजारांत भाषा तपासायला १९७२ पासून एक चित्र जगभर वापरलं जातं : स्वयंपाकघरात आई भांडी पुसतेय, सिंकमधून पाणी वाहतंय, मागे मुलगा डगमगत्या स्टुलावर चढून डब्यातली बिस्किटं चोरतोय. ज्याने असं स्वयंपाकघर कधी पाहिलं नाही तो चित्राविषयी कमी बोलला, तर तो आजार की अनोळखीपणा?

मेंदूच्या स्कॅनवाल्यांनी हे आधी भोगलं. २००९ मध्ये त्यांनी ‘एनिग्मा’ नावाचं जाळं उभं केलं. सगळ्यांनी आपापल्या ठिकाणी एकाच पद्धतीने मोजायचं आणि निष्कर्ष एकत्र करायचे. २०१६ मध्ये त्यांचा स्किझोफ्रेनियावरचा अभ्यास आला तेव्हा त्यात २०२८ रुग्ण आणि तुलनेसाठी २५४० निरोगी माणसं होती. भाषेच्या बाजूने मुलांच्या बोलण्याचा ‘चाइल्ड्स’ हा सामायिक संग्रह १९८४ पासून आहे. पुढे त्यातून ‘टॉकबँक’ झाली आणि तिच्यात इतर आजारांतल्या बोलण्याचेही विभाग आले. सायकोसिससाठी ‘डिस्कोर्स इन सायकोसिस’ हे आंतरराष्ट्रीय जाळं असंच काम करतं. २०२० मध्ये अमेरिकेतून सुरू झालेल्या ‘एएमपी स्किझोफ्रेनिया’ या प्रकल्पातही जोखीम असलेल्या तरुणांच्या मोकळ्या मुलाखती आणि त्यांनी फोनवर बोलून ठेवलेल्या ध्वनी-डायऱ्या गोळा होतात.

या कामाचा बराचसा भाग दिसायला अगदी नीरस असतो. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा, मुलाखत घेणाऱ्याने मध्ये किती बोलायचं, एक माणूस किती मिनिटं बोलला तर पुरे, माइक किती लांब, ‘अं’ कसं लिहायचं. यावर वाद होतात, मतं पडतात, पुन्हा वाद होतात. पण हे ठरल्याशिवाय दोन ठिकाणचे आकडे शेजारी मांडताच येत नाहीत.

प्रश्न : मुळात बिघडतं काय, विचार की भाषा?

उत्तर : हा वाद जुना आणि खुसखुशीत. १९७४ मध्ये इलेन चेका या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी एका रुग्णाच्या बोलण्याचा अभ्यास करून म्हटलं, यात भाषेचीच यंत्रणा अधूनमधून बंद पडते. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी उत्तर दिलं : तुम्ही दाखवता त्यातल्या बहुतेक चुका निरोगी माणसं रोज जीभ घसरून करतातच, भाषा ठीक आहे, बिघाड विचारांत आहे. अँड्रिअसन म्हणाल्या, आपल्या हातात येतं ते फक्त बोलणं, तेव्हा याला ‘संवादातला बिघाड’ म्हणावं हे बरं. मी त्यांच्या बाजूची. विचार कानाला ऐकू येत नाही.

प्रश्न : हे सगळं इंग्रजीत चाललं असणार. मराठी बोलणाऱ्याला ते लागू पडेल का?

उत्तर : जसंच्या तसं नाही. आणि हा माझा आवडता प्रश्न असल्यामुळे थोडं पाल्हाळ होईल.

सगळं इंग्रजीत चाललंय असं मात्र नाही. बोलण्याचा आलेख काढण्याची सुंदर पद्धत ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलणाऱ्यांवर घडली. प्रत्येक वेगळा शब्द म्हणजे एक ठिपका, एका शब्दानंतर दुसरा आला की दोघांत बाण. निरोगी माणसाच्या गोष्टीत बाण फिरून मागच्या ठिपक्यांशी येतात, जाळं दाट होतं. स्किझोफ्रेनियात ते विरळ, सुटंसुटं राहतं. २०१४ मध्ये त्याच गटाने दाखवलं की दिवसाची हकिगत सांगताना जे कळत नाही ते स्वप्न सांगताना जास्त उघड होतं.

पण हीच पद्धत मराठीवर चालवून बघा. ‘घर’, ‘घरात’, ‘घरातून’, ‘घराकडे’, ‘घराला’ हे संगणकाला पाच वेगळे ठिपके. मराठी माणसाने घराविषयी कितीही धरून बोललं तरी जाळं विरळच दिसणार! आधी प्रत्येक शब्दाचं मूळ रूप काढावं लागतं. उलट ‘हळूहळू’ किंवा ‘मोठे मोठे डोंगर’ म्हटलं की पुनरावृत्ती मोजली जाते, जी आपल्याकडे साधं व्याकरण आहे. ‘पुस्तकबिस्तक’, ‘कामबिम’ हे तर परक्या प्रोग्रॅमला सरळसरळ रुग्णाने घडवलेले नवे शब्द वाटतील, वर यमकाचा नाद लागल्याचा शेराही मिळेल.

सर्वनामांची गंमत आणखी वेगळी. इंग्रजीत कर्ता सहसा गाळता येत नाही, म्हणून ‘ही’, ‘शी’, ‘दे’ किती वेळा आले आणि ते कोणासाठी हे मोजता येतं. आपण ‘आली होती, म्हणाली नको’ एवढ्यात अख्खा प्रसंग सांगतो आणि ऐकणाऱ्याला कळतोही. ‘गेले’ हा एकच शब्द घ्या. ‘मी गेले’ असं बाई म्हणते, ‘ते गेले’ अनेकांसाठी, ‘बाबा गेले’ आदरासाठी, आणि नुसतं हळू आवाजात ‘गेले’ म्हटलं तर घरात शांतता पसरते. कोण, हे वाक्यात नसतं, आधीच्या बोलण्यात असतं. सायकोसिसमध्ये तुटतो तो नेमका हाच धागा. त्यामुळे मराठीत तो बघणं अवघड असलं तरी कदाचित जास्त बोलकं ठरेल. हा माझा अंदाज आहे, निष्कर्ष नव्हे.

भाषा बदलली की मापं घसरतात याचा पुरावा मात्र आहे. २०२२ मध्ये डॅनिश, जर्मन आणि चिनी बोलणाऱ्या रुग्णांवर सुसंगतीची तीच स्वयंचलित मापं लावून बघितली. एका भाषेत दिसलेला फरक दुसरीत तसाच मिळाला नाही. आवाजाच्या लयीचं थोडं बरं आहे. २०२० पर्यंतचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा स्किझोफ्रेनियात बोलण्याचा एकूण वेळ कमी, वेग मंद आणि विराम जास्त, हे बऱ्यापैकी ठळक दिसलं. आवाजाची पट्टी सपाट होते हे जे सगळे पाठ म्हणतात, त्याचा पुरावा त्या मानाने कच्चा निघाला.

आपल्या बोलण्यात इंग्रजीची जी सरमिसळ असते तिचं काय करायचं, यावर मराठीपुरतं तरी बरंच काम व्हायचं आहे. ‘मी त्याला कन्व्हिन्स करायला ट्राय केलं’ हे वाक्य कोणत्या भाषेचं म्हणून मोजणार?

प्रश्न : मी शुभार्थी आहे, म्हणजे स्वतः या आजारातून जाणारा. सहा वर्षं औषधं घेतो, नोकरी करतो. एका अभ्यासासाठी माझं बोलणं रेकॉर्ड करायचं म्हणतात. दोन शंका. औषधाने माझं बोलणं मंद झालं आहे, तेही आजारात मोजणार का? आणि माझा आवाज कुठे कुठे जाईल?

उत्तर : पहिली शंका संशोधकांनी स्वतःला फार उशिरा विचारली. २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या एका गटाने दाखवलं की मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या डी-टू ग्राहींना (ते रसायन जिथे येऊन चिकटतं त्या जागांना) जास्त घट्ट धरून बसणारी औषधं घेणाऱ्यांचं बोलणं, सैल धरणारी औषधं घेणाऱ्यांपेक्षा मंद आणि जास्त विरामांचं असतं. म्हणजे जुन्या अभ्यासांत ‘आजाराची खूण’ म्हणून नोंदलेलं काही प्रत्यक्षात औषधाची खूण असू शकतं. तेव्हा तुम्ही कोणती औषधं किती घेता हे अभ्यासात विचारलं जातंय का ते बघा. विचारत नसतील तर तुम्हीच सांगा. बोलणं मंद झाल्याचा त्रास होत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. औषध आपण होऊन कमी-जास्त मात्र करू नका.

दुसरी शंका जास्त गंभीर. नाव काढून टाकलं की कागद निनावी होतो, आवाज होत नाही. आवाज हाच चेहरा असतो. म्हणून सही करण्याआधी हे विचारा : मूळ रेकॉर्डिंग बाहेर जाणार की त्यातून काढलेले आकडे? शब्दांकनातून नावं, गावं, कामाचं ठिकाण कोण काढणार? आवाज प्रोग्रॅम शिकवायला वापरणार का, आणि एखादी कंपनी त्यात आहे का? किती वर्षं ठेवणार? मी उद्या नाही म्हटलं तर काय काय पुसता येईल आणि काय नाही? शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर बहुधा ‘सगळं पुसता येणार नाही’ असं असतं, कारण एकदा सरासरीत मिसळलेला आकडा परत काढता येत नाही. हे जे आधीच स्पष्ट सांगतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवेन.

काही गट आता रेकॉर्डिंग हलवतच नाहीत. ते जिथलं तिथे राहतं, मोजणारा प्रोग्रॅम तिथे पाठवला जातो आणि फक्त निकाल परत येतो. हा मार्ग मला जास्त पटतो.

एक तिसरी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. काही अभ्यासांत प्रश्नावली ठरवतानाच शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारे, बसलेले असतात. ‘तुमच्या आजाराविषयी सांगा’ या प्रश्नाने बोलणारा कसा मिटून जातो, हे मला अशाच एका बैठकीत एका शुभार्थीने सांगितलं. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात काय घडलं?’ असं विचारा, म्हणाले. तुम्हाला अशा कामात रस असेल तर नुसता आवाज देऊन थांबू नका. टेबलावर जागा आहे का, विचारा.

प्रश्न : पत्नीच्या बोलण्यात बदल वाटतो. तिला न सांगता फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करून तुमच्याकडे पाठवलं तर चालेल का?

उत्तर : नाही. आलं तर मी ऐकणार नाही. चोरून केलेल्या रेकॉर्डिंगमधून मला कळेल त्यापेक्षा तुमचं नातं जास्त बिघडेल, आणि कोणीतरी आपलं बोलणं ऐकतंय असा संशय तिच्या मनात आधीच असेल तर तुम्ही तो खरा करून दाखवाल. तुम्हाला काय वाटतंय ते तिला सांगा आणि दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. ती तयार नसेल तर आधी तुम्ही एकटे जाऊन सल्ला घ्या.

प्रश्न : मी लहानपणापासून अडखळत बोलतो आणि माझी बोली पुस्तकी नाही. उद्या अशी यंत्रं आली तर मलाही आजारी ठरवतील का?

उत्तर : भीती रास्त आहे. २०२० मध्ये अमेरिकेत पाच बड्या कंपन्यांच्या, बोललेलं लिहून देणाऱ्या प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या बोलणाऱ्यांच्या १०० शब्दांत सरासरी १९ चुका, काळ्यांच्या १०० शब्दांत ३५. यंत्राने चुकीचं लिहिलं की वाक्य विसंगत दिसतं, आणि विसंगतीचं खापर बोलणाऱ्यावर फुटतं. म्हणून शब्दांकन माणसाने तपासलेलं हवं, आणि तुलनेच्या गटात तुमच्यासारखे, अडखळणारे, बोलीत बोलणारे, कमी शिकलेले, दोन भाषांत वावरणारे लोक भरपूर हवेत. आज ते कमी आहेत. आणि परत तेच : तुमची तुलना तुमच्याच कालच्या बोलण्याशी झाली, तर अडखळणं दोन्हीकडे सारखंच असेल.

प्रश्न : मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. आमच्या छोट्या केंद्रातही अशी रेकॉर्डिंग जमवता येतील. कुठून सुरुवात करू?

उत्तर : नीतिसमितीच्या परवानगीपासून. ती हातात येईपर्यंत माइक विकत घेऊ नका.

मग चालू असलेल्या एखाद्या जाळ्याची कार्यपद्धती मागून घ्या आणि तीच वापरा. स्वतःची नवी पद्धत काढण्याचा मोह होईल, मलाही झाला होता. त्या पद्धतीत एक गोष्ट तुमच्या भाषेला बसत नसेल तर ती कळवा, पण मनाने बदलू नका. तुलनेसाठी निरोगी माणसं त्याच खोलीत, त्याच माइकवर, त्याच मुलाखतकाराकडून रेकॉर्ड करा. रुग्ण दवाखान्यात आणि निरोगी मित्र घरी असं केलंत, तर प्रोग्रॅम आजार नव्हे, खोली ओळखायला शिकेल.

आवाज कॉम्प्रेस न करता, म्हणजे दाबून लहान न करता, साठवणाऱ्या फाइलमध्ये ठेवा. व्हिडिओ कॉलवरून रेकॉर्ड करायचं टाळा. ती अ‍ॅप आसपासचा गोंगाट कापताना हळू आवाजही खातात आणि बोलणं पोचायला वेळ लागतो. आपण एकमेकांशी बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, हे २००९ मध्ये दहा भाषांत मोजलं गेलं आहे. इतक्या बारीक अंतरात इंटरनेटचा अडथळा मिसळला की विराम कोणाचा हे सांगता येत नाही. मुलाखत घेणाऱ्याचाही आवाज वेगळ्या माइकवर घ्या. समोरचा गप्प झाला की आपण किती लवकर मध्ये पडतो, हे स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाच मिनिटांत अकरा वेळा मध्ये बोलले होते. त्या बाईंचं एकही वाक्य मी पुरं होऊ दिलं नव्हतं.